पद्मिनी आणि फियाट ११०० चे भरवशाचे सुटे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडली, त्याला दोन तपं उलटून गेली. तरी वडिलांची किंवा आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून कामाला लागणारी माणसं मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-पणजीपर्यंत भेटतात. बहुतेकांचं घोडं इंजिनापाशी अडत नाही, सुट्या भागांपाशी अडतं. खालची उत्तरं पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट ११०० च्या मालकांसाठी आहेत. इतर गाड्यांविषयी एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

या गाडीचे पार्ट अजून मिळतात तरी का?

मिळतात. क्लच प्लेट, ब्रेकचं सामान, पिस्टन-रिंग, बेअरिंग, पॉइंट-कंडेन्सर, वॉटर पंपाचं किट, किंगपिन, कमानपाटे असं चालू सामान अजून दुकानांत आहे. त्याचं श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला जातं. टॅक्स्या दिवसरात्र धावत होत्या तोवर या मालाला रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही बंद झाली.

पार्ट घेणाऱ्याने ही तारीख ध्यानात ठेवावी. टॅक्सीच्या काळात माल येत होता आणि खपत होता. आता तो फळीवर पडून असतो. लोखंड-पितळेचं त्याने फारसं बिघडत नाही. रबराचं बिघडतं. म्हणून कुणी 'अमक्याकडून डोळे झाकून घ्या' असं काही वर्षांपूर्वी सांगितलं असेल, तर तो सल्ला आज तसाच चालणार नाही. दुकानदार तोच असेल, सचोटीही तीच असेल, पण त्याच्या फळीवरचा माल म्हातारा झाला आहे.

खरी टंचाई अंगावरच्या सामानाची आहे. क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, दरवाज्याची हँडलं, मागच्या दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डवरची मीटरं हे सगळं वर्षावर्षाला थोडं थोडं बदलत गेलं. १९५४ पासून इथे आलेल्या मिलेचेंतोच्या (सुरुवातीच्या फियाट ११०० च्या) काळातलं सामान तर दुकानात शोधण्यापेक्षा माणसांकडे शोधावं लागतं.

शोधायला सुरुवात कुठून करू?

स्वतःच्या गाडीपासून. चासी नंबर आणि इंजिन नंबरच्या पट्टीचा स्वच्छ फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. गाडी कोणत्या सालची हे कळलं म्हणजे सगळं कळलं असं नाही. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, १९७४ मध्ये पद्मिनी नाव मिळालेली गाडी आणि गेअरची दांडी स्टिअरिंगखालून निघून जमिनीवर आलेली शेवटच्या काळातली एस-१ या एकाच घराण्यातल्या. मधल्या पन्नास वर्षांत कुणाच्या गॅरेजमध्ये कुणाचं काय बसवलं गेलं हे कागदावर नसतं. बोनेट उघडून जे दिसतं ते खरं.

आणि एक कळकळीची विनंती: जुना पार्ट फेकू नका. तुटलेला, झिजलेला, दोन तुकडे झालेला असला तरी पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. दुकानात दहा मिनिटं बोलून जे समजत नाही ते काउंटरवर जुना पार्ट ठेवला की क्षणात समजतं. पुढे कधी तो भाग बनवून घ्यायची वेळ आली, तर मापं घ्यायला तोच एक आधार उरतो.

मुंबई-पुण्यात नेमकं कुठे जायचं?

नव्या सामानासाठी मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर. तिथल्या जुन्या स्पेअरच्या पेढ्यांमध्ये पार्टचा नंबर तोंडपाठ असलेली माणसं अजून बसतात. वापरलेल्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. चोर बाजारात इंजिनाचं सामान शोधण्यात अर्थ नाही, पण एखादं हॉर्न बटण, मोनोग्राम किंवा आरसा हाती लागू शकतो. पुण्यात नाना पेठ, आणि किरकोळ वस्तूंसाठी बुधवार-रविवारचा जुना बाजार.

राज्याबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार ही मोठी ठिकाणं. पण फक्त पार्टसाठी इतका प्रवास करू नका. तिकडे कामानिमित्त जाणार असाल तर यादी खिशात ठेवा.

मुंबईतली व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था किंवा तुमच्या शहरातला जुन्या गाड्यांचा क्लब यांच्या मेळाव्याला एकदा जाऊन या. कुणाकडे काय पडून आहे याची माहिती तिथे उभ्या उभ्या मिळते.

भरवशाचा दुकानदार ओळखायचा कसा?

तो विकायच्या आधी विचारतो. 'पद्मिनीचं व्हील सिलिंडर द्या' म्हटल्यावर ज्याने लगेच डबा काढून काउंटरवर ठेवला, त्याच्याकडे सावध राहा. ज्याने 'कुठल्या सालची? पुढचं की मागचं? डावं की उजवं? जुनं आणलंय का?' असं विचारलं, त्याच्याकडे थांबा. ते प्रश्न विचारण्यात त्याचा वेळ जातो, कधी गिऱ्हाईकही जातं, तरी तो विचारतो, कारण चुकीचा माल परत येण्याची त्याला लाज वाटते.

दुसरी खूण म्हणजे तो 'नाही' म्हणतो. 'हा लोकल आहे, तुमच्या कामाचा नाही', 'हे माझ्याकडे नाही, पलीकडच्या गल्लीत विचारा' असं सांगणारा माणूस सापडला की त्याचा नंबर जपून ठेवा. ज्याच्याकडे जुन्या गाड्यांचं झाडून सगळं असतं आणि सगळं ओरिजिनल असतं, अशा दुकानाबद्दल माझं मत चांगलं नाही.

पारखून पाहायचं असेल तर ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी आधी विचारा. मग एखादी छोटी खरेदी करा: फॅन बेल्ट, पॉइंट, एखादं पॅकिंग. बिल मागितल्यावर चेहरा बदलतो का, मोहोर न फोडलेला माल बदलून देईन म्हणतो का, फोनवर सांगितलेला भाव दुकानात तोच राहतो का, हे सगळं दोन-तीनशे रुपयांच्या खरेदीत कळतं. इंजिनाच्या कामाची मोठी यादी त्यानंतर काढावी.

आणि सगळं एकाच दुकानातून मिळेल ही अपेक्षा सोडा. रिंग-पिस्टनसाठी भरवशाचा असलेला माणूस इलेक्ट्रिकलमध्ये कच्चा असू शकतो. पूर्ण गाडी उभी करायला चार-पाच दुकानदार, एक लेथवाला, एक क्रोमवाला आणि एक रेडिएटरवाला एवढा गोतावळा लागतोच.

डब्यावर नामांकित कंपनीचं नाव आहे. मग माल ओरिजिनलच ना?

डबा खरा आणि आतला माल दुसराच, असं सर्रास चालतं. लुकास-टीव्हीएसचं इलेक्ट्रिकल, गर्लिंग परवान्याखाली ब्रेक्स इंडियाने बनवलेलं ब्रेकचं सामान, इंडिया पिस्टन्स, गोएत्झेच्या रिंगा, टॅलब्रॉसची पॅकिंगं ही त्या काळातली मातब्बर नावं. नावाला किंमत आहे म्हणूनच नक्कल होते. छपाई, पार्टवर उमटवलेला नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळतो का हे पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. माल हातात घेऊन तपासा.

उदाहरणादाखल ब्रेकचं व्हील सिलिंडर घेऊ. रबराची टोपी काढून मोबाइलचा टॉर्च आत मारा. आतली भिंत सगळीकडे सारखी चकचकीत दिसली पाहिजे. काळे ठिपके, खरवडल्याच्या उभ्या रेघा, ओतकामाची खरखरीत कड दिसली तर डबा तिथेच परत करा. खिशात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) ठेवा. आतला व्यास एकदा आडवा, एकदा उभा मोजा. दोन्ही मापं एकच आली पाहिजेत आणि जुन्याच्या मापाशी जुळली पाहिजेत. हवा काढायचा निपल बोटांनी फिरवा. पहिले दोन-तीन आटे पान्याशिवाय सहज जायला हवेत. अडकला तर आटे वाकडे कापलेत. ब्रेकच्या पाइपाचा नट जिथे बसतो तिथली निमुळती जागा गुळगुळीत आहे का ते नखाने पाहा. एवढ्याला दोन मिनिटं लागतात. चांगला दुकानदार ही दोन मिनिटं आनंदाने देतो.

इतकं काटेकोर का, तर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बहुतेक गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका चाकाच्या सिलिंडरातला रबरी कप फाटला की पेडल थेट तळाला जातं. इथे दोनशे रुपये वाचवायचे नाहीत.

न उघडलेला जुना स्टॉक मिळाला. घ्यावा का?

धातूचा असेल तर हात जोडून घ्या. तीस वर्षांपूर्वी तेलकागदात गुंडाळलेलं बेअरिंग, व्हॉल्व्ह, गेअर, कार्बोरेटरची जेट्स यांच्या तोडीचं आज क्वचित मिळतं. तेलकागद उलगडून गंजाचे खड्डे नाहीत एवढं बघा.

रबर असेल तर कितीही ओरिजिनल असो, घेऊ नका. सील, ब्रेकचे कप, होज पाइप, फ्युएल पंपाचा पडदा, इंजिन फाउंडेशन (इंजिनाखालचे रबरी ठोकळे) हे न वापरताही म्हातारे होतात. रबर बोटांत धरून दुमडा. घडीवर बारीक चिरा उमटल्या किंवा ते लगेच पूर्ववत झालं नाही, तर ते गेलेलं आहे.

त्यात आता पेट्रोलचा प्रश्न आला आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि पद्मिनी बनली तेव्हा हे कुणाच्या गावीही नव्हतं. जुन्या पद्धतीचं रबर या पेट्रोलात फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात. म्हणून पेट्रोलच्या वाटेवरचं सगळं रबर नवं घ्या आणि दुकानदाराला इथेनॉल सहन करणारं आहे का असं स्पष्ट विचारा. पाइपावर 'एसएई जे३० आर९' असा छाप असेल तर तो या कामाचा आहे. नळी विकणाऱ्या औद्योगिक दुकानात व्हायटॉन (इथेनॉल सहन करणारं रबर) मागितलं तरी चालतं. पंपाच्या पडद्याबद्दल खात्री मिळत नसेल तर एक जादा पडदा गाडीत ठेवून द्या.

ब्रेकचे नवे कप बसवताना मेकॅनिकला ते पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ देऊ नका. चांगला कप एका धुण्यात वाया जातो. ब्रेक ऑइलनेच पुसायचे.

भंगारातून निघालेला पार्ट घेणं योग्य आहे का?

काही गोष्टींसाठी तोच मार्ग आहे. दरवाजे, बोनेट, डिकी, काचा, सीटचे सांगाडे, गेअर बॉक्सची बॉडी, मागचा हाउसिंग, ग्रिल हे चांगल्या अवस्थेत मिळालं तर नव्या लोकल मालापेक्षा उजवं, कारण पत्रा कंपनीचा असतो आणि फटी जुळतात. लोहचुंबक सोबत न्या. पत्र्यावर कुठे धरत नसेल तर खाली पुट्टीचा जाड थर आहे.

स्टिअरिंगचे जोड, ब्रेकचं काहीही, पुढच्या सस्पेन्शनचे बॉल-पिन, चाकांची बेअरिंगं मात्र वापरलेली घेऊ नका.

पूर्ण इंजिन घ्यायचं तर बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढल्याचा कागद हे तिन्ही मागा. इंजिनावर नंबर असतो, आणि तो तुमच्या आरसीवर चढवून घ्यावा लागतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर घासलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळो, त्याला हात लावू नका.

मिळतच नाही असा भाग बनवून घेता येतो का?

येतो, आणि महाराष्ट्रात यासाठी कोल्हापूरसारखं गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात आणि आसपासच्या फाउंड्र्यांत नमुन्यावरून पॅटर्न बनवून ओतकाम करणारे आणि मशीनवर फिनिश करून देणारे कारागीर आहेत. वॉटर पंपाची बॉडी, मॅनिफोल्ड, ब्रॅकेट, पुली ही कामं तिथे होतात. एका नगासाठी पॅटर्नचा खर्च अंगावर येतो, म्हणून तुमच्यासारखे आणखी दोन-चार मालक गाठा आणि एकत्र करून घ्या.

पद्मिनीत हमखास लागणारं एक काम कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे होतं. स्टिअरिंगखालच्या गेअरच्या दांडीच्या जोडण्यांमधले बुश झिजतात, मग गेअर अडकतो, दोन गेअर एकदम पडतात आणि मालकाला वाटतं गेअर बॉक्स गेला. बॉक्स उघडायच्या आधी हे बुश पाहा. पितळेचे किंवा नायलॉनचे नवे बुश पिनेच्या मापाने टर्न करून घेतले की दांडी पुन्हा सरळ चालते. पिन ओव्हल झाली असेल तर तीही बदला, नुसत्या बुशाने भागत नाही.

क्रोमच्या बाबतीत आधी विचारा की खाली तांबं आणि निकेलचे थर देणार का. थेट क्रोम मारलेली पट्टी कोकणातल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात डाग धरते.

इटलीहून पार्ट मागवता येतील का?

येतील, कारण इटलीत फियाट ११०० चे चाहते भरपूर आहेत आणि तिथे पॅकिंग, रबर, काचांची बीडिंग नव्याने बनतात. पण मागवताना एक घोटाळा नेहमी होतो. आपण '१९७८ ची ११००' म्हणतो, आणि तिथला विक्रेता बुचकळ्यात पडतो, कारण इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्येच थांबलं. आपली डिलाइट आणि पद्मिनी ज्या मॉडेलवरून आली ते ११०० डी तिथे १९६२ ते १९६६ या काळात बनलं. विक्रेत्याला तेच नाव आणि तेच साल सांगा. त्यानंतरच्या ११०० आर ला पुढे डिस्क ब्रेक होते. तिचं ब्रेकचं सामान चुकून मागवलं तर बसणार नाही.

इंजिनाची मूळ मापं मात्र दोन्हीकडे एक नाहीत: आपलं ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी, तर इटलीतल्या ११०० डी चं ७२ मिलिमीटर बोअर, १२२१ सीसी. पिस्टन मागवण्याआधी ब्लॉक रिबोअरवाल्याकडून मोजून घ्या. आधी किती वेळा बोअर झालाय हे मोजल्याशिवाय कळत नाही.

वाहतूक खर्च आणि सीमाशुल्क धरून भाव काढा. हलकं, लहान, इथे न मिळणारं सामानच परवडतं. पत्र्याचं आणि लोखंडी जड सामान मागवू नका.

मेकॅनिक म्हणतो, 'पार्ट मीच आणतो'. आणू द्यावा का?

मेकॅनिक जाणता असेल तर जरूर. त्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते आणि दुकानदार त्याला खराब माल द्यायला कचरतो. त्याने आपल्या फेऱ्यांचे पैसे घेतले तर ते हक्काचे आहेत, आधी बोलून ठरवा. अट दोनच ठेवा: बिल तुमच्या नावाचं असावं, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट तुम्हाला परत मिळावा. या दोन गोष्टींना जो नाराज होतो त्याला खरेदी सोपवू नका.

फोनवरून किंवा ऑनलाइन आगाऊ पैसे पाठवावेत का?

ओळख नसताना पूर्ण रक्कम नको. पार्टचा फोटो आजच्या वर्तमानपत्रासोबत किंवा तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसोबत मागा. फुटपट्टी किंवा व्हर्नियर लावलेला फोटोही मागा. खरा विक्रेता पाच मिनिटांत पाठवतो.

भाव योग्य आहे हे कसं समजावं?

चालू सामानाचा भाव दोन-तीन दुकानांत फोन केला की कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. जुना २८ टक्क्यांचा दर कुणी लावत असेल तर बिल दाखवून विचारा. दुर्मीळ वस्तूला ठरलेला भाव नसतो. तिथे स्वतःची मर्यादा घरून ठरवून निघा.

गाडी पन्नास वर्षांची आहे. पार्ट बदलताना नोंदणीचा विचार करावा लागतो का?

करावा लागतो. १५ जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढता येत नाही.

१९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. त्यांच्या मालकांनी 'डिझेल इंजिन बसवून देतो, स्वस्तात होईल' असा सल्ला ऐकण्याआधी दहा वेळा विचार करावा. मूळ इंजिन खराब असलं तरी विकू नका.

माझी गाडी पद्मिनी नाही. यातलं काय लागू पडेल?

दुकानदार पारखण्याची रीत सगळ्यांना लागू आहे. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचं सामान सर्वांत सोपं, कोलकात्याकडे जास्त. मॉरिस मायनर किंवा एमजीसारख्या इंग्लिश गाड्यांसाठी थेट इंग्लंडमधल्या विक्रेत्यांकडे जा. तिथे ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर बॉडीचे पत्रेसुद्धा बनवते. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं सामान चेन्नईत शोधा आणि तिची इंग्लिश बहीण ट्रायम्फ हेराल्ड हेही नाव सांगा.

फसवणूक झाली तर काय करायचं?

बिल, डबा, पार्ट आणि संभाषण जपून ठेवा. आधी दुकानदाराला लेखी कळवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. बिल नसेल तर हे सगळं फार अवघड होतं, म्हणून वर बिलाचा एवढा आग्रह.

पुढे लागेल म्हणून साठा करून ठेवावा का?

धातूचा करा. क्लच प्लेट, वॉटर पंप, एक संच बेअरिंग, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) टोपी आणि रोटर, सेल्फचे कार्बन, किंगपिनचं किट एवढं घरात असावं. तेल लावून, प्लास्टिकमध्ये बंद करून, वर पार्टचं नाव, दुकान आणि खरेदीची तारीख लिहून ठेवा. रबराचा साठा दोन वर्षांपुरताच करा, तोही शंखजिऱ्याची पूड लावून, उन्हापासून आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून दूर.